चौलच्या खाडीवरची ख्रिस्ती परंपरा : जुने ग्रंथ काय सांगतात

रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कनांच्या सांता बार्बरा चर्चचा मनोरा अजून उभा आहे; गावकरी त्याला सातखणी म्हणतात. खाडीपलीकडे कोर्लई. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले, पण कोर्लईचे ख्रिस्ती तिथेच राहिले, घरात पोर्तुगीजपासून घडलेली ‘नौ लिंग’ बोलत. त्यांच्या श्रद्धेचे मूळ शोधणारे बहुतेक जण सोळाव्या शतकाशी थांबतात. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले अनेक जण मात्र थेट प्रेषित बार्थोलोम्यूपर्यंत मागे जातात.

या श्रद्धेचा आधार युसेबियसने चौथ्या शतकात लिहिलेल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. अलेक्झांड्रियाचा आचार्य पँटिनस भारतात गेला आणि तिथे त्याला बार्थोलोम्यूने ठेवलेले, हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान आढळले, अशी ऐकीव हकिगत युसेबियस देतो. त्यात ना कोकण आहे, ना कल्याण. शिवाय त्या काळचे ग्रीक लेखक दक्षिण अरबस्तानालाही भारत म्हणत.

हाती लागेल असा पुरावा सहाव्या शतकातला. आधी व्यापारी असलेला कॉस्मस लिहितो, की कल्लियानात (म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक मानतात) ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बंदरांच्या यादीत तो कल्लियानाशेजारीच ‘सिबोर’ देतो. अभ्यासक ते चौल समजतात. तिथल्या ख्रिस्ती लोकांबद्दल मात्र अवाक्षर नाही. युसेबियसचा प्रेषित आणि कॉस्मसचा बिशप यांची सांगड नंतरच्यांनी घातली. मला ती पटत नाही. इराणशी जोडलेली, पोर्तुगीजांच्या हजारएक वर्षे आधीची ख्रिस्तसभा हा वारसा पुरेसा मोठा आहे. त्याला प्रेषिताच्या नावाची गरज नाही.

जुन्या लेखनाचा खरा ठसा रविवारच्या मिस्सेत सापडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासनेत बदल झाले, तेव्हा पहिल्या शतकांतले ग्रंथ पुढ्यात होते. लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, इथे मराठी. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिनने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे : प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचायचे, प्रमुखाने उपदेश करायचा, सगळ्यांनी उठून प्रार्थना करायची, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणायचे, लोकांनी ‘आमेन’ म्हणायचे. उपदेशानंतरची ही सर्वांची प्रार्थना रोमन मिस्सेतून शतकानुशतके जवळपास नाहीशी झाली होती. ती परत आली. वेदीवरची दुसरी यूखरिस्त प्रार्थना, सर्वांत छोटी म्हणून वारंवार कानी पडणारी, हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रंथावर बेतलेली आहे. तो ग्रंथ त्याचाच का, याबद्दल आज मतभेद आहेत. तरीही पोर्तुगीजांनी आणलेल्या मिस्सेपेक्षा आजची मराठी मिस्सा जस्टिनला अधिक ओळखीची वाटली असती, असे मी ठामपणे म्हणेन.

जस्टिनच्या त्याच वर्णनाचा शेवटचा भाग चर्चेत मागे पडतो, याचे मला वाईट वाटते. गैरहजर असलेल्यांचा वाटा त्यांच्या घरी पोचवला जाई. ऐपतदार स्वखुशीने देत ती वर्गणी प्रमुखाकडे जमा होई, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेला पाहुणा यांची सोय त्यातून होई.