मागे राहणाऱ्यांची तजवीज

संसदेने 2025 च्या डिसेंबरात भारतीय वारसा अधिनियमातील 213 वे कलम वगळले आणि ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली एक विषमता संपुष्टात आणली. हिंदू, बौद्ध, शीख, जैन अथवा पारशी गृहस्थाने मुंबई शहरात केलेल्या, किंवा तेथील स्थावराविषयीच्या, मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगावयाचा तर प्रोबेट मिळविणे भाग असे. पुण्यातील घराविषयी पुण्यातच केलेल्या मृत्युपत्राला मात्र ही अट नव्हती. एकाच राज्यातील नागरिकांना दोन न्याय लावणारी ही सक्ती गेली, हे योग्यच झाले.

परंतु सक्ती गेली म्हणजे वारसांचे तंटेही गेले, असे समजून कुटुंबप्रमुख स्वस्थ बसतील, तर ती आत्मवंचना ठरेल. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राच्या खरेपणावर न्यायालयाने उमटविलेली मोहोर. ती आता ऐच्छिक झाली, तरी वाद उपस्थित झाल्यास खरेपणा सिद्ध करण्याचा भार कायमच आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यांवाचून हिंदू गृहस्थाचे मृत्युपत्र कालही टिकत नव्हते. आजही टिकणार नाही.

आणि ज्याने मृत्युपत्रच केले नाही, त्याचे काय? ‘माझ्यामागे सारे पत्नीलाच मिळेल’ ही समजूत सर्वत्र आढळते; ती खरी नव्हे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, हे सारे समान वाटेकरी होतात. नामनिर्देशनावर विसंबणेही व्यर्थ आहे. शेअर्सच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या डिसेंबरात दिला आहे.

या अडचणींवर हयातीतच खाजगी विश्वस्त निधी स्थापन करण्याचा मार्ग 1882 च्या कायद्याने खुला ठेविला आहे. मालकाने आपली मिळकत विश्वस्तांच्या हवाली करावयाची आणि तिचे उत्पन्न कोणाला, केव्हा व किती मिळावे हे दस्तात नमूद करावयाचे. अशी मिळकत मालकाच्या मृत्यूनंतरही विश्वस्तांकडेच राहते. तिच्यासाठी मृत्युपत्र लागत नाही आणि प्रोबेटचा प्रश्नही उद्भवत नाही. ज्या मातापित्यांचे अपत्य मतिमंद आहे, त्यांना तर हा मोठाच आधार होय. त्या अपत्याच्या नावे नुसती रक्कम ठेवून भागत नाही; दरमहा त्याची देखभाल करणारे प्रामाणिक हातही लागतात.

तथापि हा उपाय सरसकट सर्वांसाठी नव्हे. स्थावराचा दस्त नोंदवावा लागतो व त्यावर मुद्रांक शुल्क पडते. रद्द करण्याचा अधिकार दस्तात राखून ठेविला नसेल, तर लाभार्थींच्या संमतीवाचून तो सहसा माघारी घेता येत नाही. विश्वस्ताची निवड चुकली, तर सारेच फसते. एक घर व थोड्या ठेवी असलेल्या सामान्य कुटुंबाला स्पष्ट शब्दांत लिहिलेले, दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्र बहुधा पुरेसे आहे. त्याची नोंदणी सक्तीची नसली, तरी करून घेणे हिताचे.

आमच्या सुशिक्षित घरांत विम्याचा हप्ता चुकत नाही, पण मृत्युपत्राचा विषय निघाला की तो अभद्र वाटतो. या संकोचाची किंमत मागाहून विधवेला आणि दुबळ्या अपत्याला मोजावी लागते. हे दस्त बुद्धी शाबूत असतानाच करता येतात. ज्यांची आज ती शाबूत आहे, त्यांनी उद्यावर का ढकलावे?