कानाजवळचा माणूस

दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी जमते, जेवणं होतात, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक पांढरा मग येतो. त्यावर जुना ग्रुप फोटो. हे मग छापतं कोण, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं म्हणून सदाशिव पेठेतल्या एका तळमजल्यावरच्या गाळ्यात गेलो. त्यांना भावुक लेख हवा होता. मला मात्र तिथे बाद मगांची फळी दिसली आणि मी तिथेच अडकलो. कुठे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्यांचे पाय धुक्यात गेलेले, कुठे टोकाला, मगाच्या कानाजवळ उभा असलेला माणूस अर्धा पुसलेला.

या छपाईचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. 1957 मध्ये नोएल द प्लास या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं, की काही रंग तापवले की वितळत नाहीत, थेट वायू होतात आणि दुसऱ्या पृष्ठभागात शिरतात. शाळेत कापराचं उदाहरण देऊन शिकवतात तेच हे संप्लवन. पुढची काही दशकं या तंत्राने पॉलिस्टर कापड छापलं गेलं, मग मग आले. नुसत्या चिनीमातीवर हा रंग धरतच नाही. त्यासाठी मगावर पॉलिस्टरचा पातळ थर दिलेला असतो. तापला की तो थर सैलावतो, वायू झालेला रंग आत घुसतो, निवला की आतच अडकतो. म्हणून चांगला छापलेला मग नखाने खरवडला तरी काही निघत नाही.

गाळ्यात छपाईचं सगळं एक ताई बघतात. कागदावर उलटं छापलेलं, मळकट दिसणारं चित्र त्या मगाला गुंडाळतात, उष्णता सोसणारी टेप लावतात आणि मग प्रेसमध्ये सरकवतात. प्रेस म्हणजे वाकवलेला हीटर. आतून सिलिकॉन रबराचा थर, बाहेरून दांडा. दांडा दाबला की हीटर मगाला मिठी मारतो, पण कानापाशी ती मिठी सुटलेलीच असते, कारण कान बाहेर राहायला फट लागते. त्या फटीच्या दोन्ही बाजूंना उष्णताही कमी आणि दाबही कमी.

"पण पडद्यावर तर 180 दाखवतंय," मी म्हणालो.

"ते हीटरचं हो. मगाचं कोण सांगणार?"

मला वाटतं, या सगळ्या धंद्याचं दुखणं या उत्तरात आहे. तापमान मोजणारा सेन्सर हीटरला एकाच जागी टेकलेला असतो. तिथलं 180 खरंच असतं. कडेला हवा लागून हीटर थंड राहतो, आणि मगाचं बूड जाड असल्याने तिथली माती बरीच उष्णता पिऊन टाकते. त्यात भट्टीतून निघालेला मग अगदी सरळ नळकांडं कधीच नसतो; कुठे कंबर बारीक, कुठे तोंड किंचित पसरट.

मग दोष मगाचा की मशीनचा? ताईंची युक्ती मला फार आवडली. फोटो न छापता त्या चहूबाजूंनी सपाट राखाडी रंग छापतात, कारण चेहऱ्यांच्या गर्दीत फिकेपणा लपतो, राखाडीत लपत नाही. एक मग नेहमीसारखा घालायचा, दुसरा तोंड-बूड उलटं करून. फिकट पट्टा मगाच्या बुडाबरोबर दुसऱ्या टोकाला गेला, तर खोट मगात. पट्टा मशीनच्या त्याच बाजूला राहिला, तर हीटरात किंवा दाबात. दाबाची परीक्षा वेगळी: मशीन गार असताना मग आणि रबर यांच्यामध्ये कागदाच्या पट्ट्या ठेवून दांडा बंद करायचा आणि एकेक ओढून बघायची. जी सहज सुटून येते, तिथे पकड ढिली. तापमानाची बंदूक त्यांच्याकडे पडून आहे. चकचकीत धातूवर ती भलतेच आकडे दाखवते म्हणून त्या वापरत नाहीत.

पावसाळ्यात निराळाच ताप. कागदाने ओल धरली की दाबाखाली तिची वाफ होते, रंगाला ढकलते आणि चेहऱ्यांवर ढग उमटतात. म्हणून कागद बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दांडा उघडताना कागद किंचित सरकला तर प्रत्येक चेहऱ्याला दोन-दोन कडा, कारण रंगाचा वायू अजून सुटतच असतो.

फिकट आहे म्हणून तापमान वाढवा, हा सल्ला प्रत्येक मशीनवाला देतो. वाढवलं की बुडाशी रंग धरतो खरा, पण मधल्या भागात काळा तपकिरी होतो आणि बारीक अक्षरं फुटतात. वेळ वाढवली तरी तेच. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हीटर सावरायला वेळ लावतो, आणि एकामागून एक मग घातले तर पहिला आणि दहावा एकसारखे निघत नाहीत. ताई म्हणून मध्ये मुद्दाम थांबतात. ऑर्डर मोठी असली की थांबणं परवडत नाही, आणि मेळाव्याची तारीख पुढे जात नाही.

सिलिकॉनच्या पट्ट्यात मग घट्ट आवळून ओव्हनमध्ये ठेवले तर उष्णता सगळीकडून लागते, हे त्यांना ठाऊक आहे. पण तिथेही कानाजवळ पट्ट्याची पकड कमी पडतेच, आणि ओव्हनला जागा कुठे करायची? जुना हीटर कडेने मेला होता, रबर टणक झालं होतं. बदलून बसवलेला नवीन हीटरही नव्या खोक्यातल्या मगांवर पुन्हा डाग देऊ लागला. उलट-सुलट करून पाहिलं तर डाग मगाबरोबर फिरले. मगवाला म्हणतो कोटिंग ठीक आहे, मशीन बघा. मशीनवाला म्हणतो मग बदला. दोघेही राखाडी मग बघायला तयार नाहीत.

तोवर ताईंनी डिझाइनचा साचाच बदललाय. खाली बोटभर पांढरी पट्टी, कानाच्या दोन्ही बाजूंना थोडी जास्त. फोटो त्यामुळे लहान होतो आणि चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये चेहरे ओळखू येईनासे होतात. परवा एका बॅचने तेवढ्यावरून ऑर्डर परत घेतली.