कोल्ह्याचा वाटा कुणी खाल्ला?

गेल्या मार्चमध्ये दोन दिवसांची रजा टाकून आम्ही वस्तीतील चार कुटुंबांसह रायगड जिल्ह्यातील दिवेआगरला गेलो. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा एस.टी.चा प्रवास. दिवेआगर म्हटले की लोकांना सुपारीच्या वाड्या आणि केवडा आठवतो. (३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्यांची केवढी धूळधाण केली, ते गावकऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे.) आम्हांला मात्र पाहायची होती समुद्री कासवाची पिल्ले.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत दीडेक फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभरएक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुढे पन्नासएक दिवस त्या अंड्यांना वाली कुणी नाही. म्हणून कासवमित्र पहाटे किनारा चालत जातात, मादीच्या पायांचा माग काढतात आणि अंडी उलटीपालटी होऊ न देता जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात नेऊन पुरतात. या कुंपणाला सगळे हॅचरी म्हणतात. बाणकोट खाडीपलीकडे वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली हे काम सुरू केले. पुढे वनखात्याच्या साथीने ते किनाऱ्यावरील इतर गावांत पोहोचले.

कुंपण कशासाठी, असे मुलांनी विचारले. कोल्हे, कुत्री अंडी उकरून खातात म्हणून, असे आम्ही सांगितले. त्यावर आमचा नऊ वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, मग आता कोल्ह्याने काय खायचं?"

मोठी माणसे हसली. आम्हीही हसलो, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

हाच प्रश्न परदेशात शास्त्रज्ञांनी अस्वलाच्या बाबतीत विचारला आहे. आपल्याकडचे अस्वल वाळवी आणि मोहाची फुले खाते. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे अस्वल मात्र सॅमन माशावर पोसते. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. अस्वल तो पकडते, ओढत रानात नेते आणि पुष्कळदा अर्धामुर्धा खाऊन टाकून देते. वाटायला ही नासाडी. पण कॅनडातील टॉम राइमखेन यांच्यासारख्या संशोधकांनी तेथील झाडांची तपासणी केली, तेव्हा लाकडात समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडला. अस्वलाने टाकलेल्या माशावर झाड वाढले होते! पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर कोळ्यांनी किती सॅमन धरावेत हे ठरवताना अस्वलाचाही वाटा हिशोबात धरावा, अशी मांडणी झाली.

कासवाचेही असेच आहे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मादीने अंड्यांतून किनाऱ्यावर आणलेल्या पोषणापैकी निम्म्याहून बरेच कमी पिल्लांच्या रूपाने समुद्रात परत जाते. बाकीचे कोल्ह्यासारख्या प्राण्यांच्या पोटात जाते, नाहीतर वाळूत मुरून झाडाझुडपांना मिळते. आपल्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल असते. तिलाही या खतातून काही मिळत असणार.

म्हणजे पुतण्याचे बरोबर होते. कोल्हा चोर नव्हे, तो वाटेकरी आहे. घोरपड आणि वाळूतला खेकडाही वाटेकरीच. मग हॅचरी चुकीची का? आम्हांला तसे वाटत नाही. कोल्हा आणि कासव हजारो वर्षे एकाच किनाऱ्यावर नांदले, कासव काही संपले नाही. भर पडली ती माणसाची. आपल्या लोकांनी अंडी काढून खाल्ली, विकली. किनाऱ्यावर पोसलेली भटकी कुत्रीही आपलीच, त्यांना जंगलाने जन्म दिलेला नाही. आणि मोठ्या मासेमारी जाळ्यांत अडकलेले कासव श्वास घ्यायला वर येऊ न शकल्याने गुदमरून मरते. ही चोरी थांबत नाही तोवर घरटे उघड्यावर ठेवणे परवडणारे नाही.

यात कोळी बांधवांवर बोट ठेवून मोकळे होणे सोपे असते. पण जाळे ही त्यांची भाकरी आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली एक योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. हे आम्हांला न्यायाचे वाटते. कासव वाचवायचे आणि त्याचा खर्च गरिबाच्या खिशातून काढायचा, हे जमणारे नाही.

सूर्य वर येण्याआधी टोपलीतली पिल्ले वाळूवर सोडली. पाण्यात थेट सोडत नाहीत, स्वतः चालत जाऊ देतात. तळहाताएवढीही नसलेली ती पिल्ले लाटेने दोनदा मागे फेकली आणि तिसऱ्यांदा घेऊन गेली. आमच्या बायकांनी श्वास रोखून धरला होता.

परतताना पुतण्याला सुरूच्या झाडांजवळ ओल्या वाळूत पावलांचे ठसे दिसले. कोल्ह्याचे की कुत्र्याचे, यावरून मुलांची भांडणे जुंपली. नाश्त्यानंतर उरलेल्या चपात्या आमच्यातील एक बाई कुत्र्यांना टाकायला निघाल्या होत्या. मुलांनीच त्यांचा हात धरला आणि चपात्या पिशवीत बांधून घेतल्या.