रक्तात उतरलेला आहार

नेसरीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १६७४ सालच्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजरांनी येथे केलेल्या आत्माहुतीमुळे; परंतु माणसाचे अन्न आणि माणसाचे आयुष्य यांचा संबंध शोधू पाहणाऱ्याने या गावाकडे आणखी एका दृष्टीने पाहावे असे मला वाटते. गडहिंग्लज तालुक्यातले, चंदगडच्या शिवेलगतचे हे गाव अशा ठिकाणी वसले आहे की, पश्चिमेस आजऱ्यावरून पुढे आंबोलीचा घाट उतरला की कोकणचा समुद्र जवळ करता येतो, पूर्वेस कानडी मुलखाची काळी जमीन सुरू होते आणि दक्षिणेस काही तासांच्या आत बेळगाव गाठता येते. त्यामुळे येथल्या ताटात घाटाकडचा भात आणि नाचणी, देशावरची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचे कूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी, म्हशीचे दूध आणि बाजारादिवशी कोकणातून चढून आलेला सुका बांगडा अशी निरनिराळ्या प्रदेशांची उत्पन्ने एकत्र येतात. या सर्व पदार्थांतील स्निग्धांश निरनिराळ्या जातीचा असतो, आणि खाणाऱ्याच्या रक्तात तो आपापली खूण ठेवून जातो. ती खूण वाचण्याचे शास्त्र गेल्या अर्धशतकात वाढीस लागले आहे.

स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्णता देणारे इंधन, ही समजूत १९२९ सालापर्यंत शास्त्रज्ञांतही रूढ होती. त्या साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने स्निग्धांश पूर्णपणे वगळलेल्या अन्नावर उंदीर पोसले. त्यांची वाढ खुंटली, कातडी खवल्यासारखी झाली आणि पुढे ते मरू लागले. लिनोलेइक आम्लाचे अल्प थेंब मिळताच ते सुधारले. शरीराला स्वतः तयार करता न येणारी काही मेदाम्ले आहेत, आणि ती अन्नातूनच मिळाली पाहिजेत, हे त्यावरून सिद्ध झाले. करडई, सूर्यफूल आणि कारळे यांत विपुल असलेले लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ कुळाचे मूळ, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक प्रमाणात आढळणारे अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ कुळाचे मूळ होय. या मुळांपासून शरीर लांब साखळीची मेदाम्ले घडविते. पण दोन्ही कुळांना त्यासाठी एकच विकरे वापरावी लागतात, आणि जवसातील आम्लापासून मेंदूला व डोळ्याच्या पडद्याला लागणारे डीएचए फारच थोडे तयार होते. मासळीत ते तयार स्वरूपातच मिळते. बांगडा आणि तारली या आपल्या किनाऱ्यावरील स्वस्त मासळ्या या बाबतीत चांगल्या संपन्न आहेत.

माणसाने काय खाल्ले हे त्याला विचारून समजावे, अशी साधी कल्पना प्रथम सर्वांनीच केली. पण गेल्या महिन्यात किती तेल खाल्ले, हे घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही नेमके सांगता येत नाही, मग जेवणाऱ्याची गोष्ट कशाला? तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तिच्या पटलातील मेदाम्ले त्या मुदतीतील आहाराला अनुसरून बदलत जातात. म्हणून ती पेशी म्हणजे तीन-चार महिन्यांचा जमाखर्च मांडून ठेवणारे, विसर न पडणारे कुलकर्णी दप्तरच होय. हे दप्तर उघडण्याची रीत अशी: रक्त फिरत्या यंत्रात घालून पेशी वेगळ्या करतात, त्यांतील स्निग्धांश द्रावकाने ओढून घेतात, मेदाम्लांचे मिथिल एस्टर करून ते गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. हलकी आम्ले आधी बाहेर पडतात, जड आणि लांब साखळीची मागाहून. कागदावर एकामागून एक शिखरे उमटतात, आणि त्या शिखरांखालील क्षेत्रावरून प्रत्येकाचा हिस्सा शेकड्यात काढतात.

१९७० साली डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग हे दोघे वैद्य ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन तेथल्या इन्युइट लोकांचे रक्त घेऊन आले. सील आणि मासे यांवर जगणाऱ्या या लोकांच्या रक्तातील मेदांची घडण डेन्मार्कमधील लोकांपेक्षा पुष्कळच निराळी निघाली. त्यांच्यात हृदयविकार विरळा असतो, हे मात्र त्या दोघांनी स्वतः मोजलेले नव्हते. ते सरकारी वैद्यकीय नोंदींवरून गृहीत धरले होते, आणि पुढे २०१४ साली त्या नोंदींची छाननी करणाऱ्यांनी ते गृहीतक टिकत नसल्याचे दाखविले. तरीही रक्तातील मेदाम्ले आणि हृदयरोग यांचा संबंध काय, हा फार मोठा प्रश्न या सफरीने जगापुढे ठेवला, आणि त्याचे श्रेय त्या दोघांना दिलेच पाहिजे.

त्या प्रश्नाला खरे वजन आले ते जुने रक्त जपून ठेवणाऱ्या दीर्घकालीन पाहण्यांतून. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका पाहणीत १९८२च्या सुमारास घेतलेले रक्त शीतपेटीत होते. १७ वर्षांच्या अवधीत ज्या ९४ पुरुषांना, आधी हृदयविकाराची नोंद नसताना, अकस्मात मृत्यू आला त्यांचे रक्त १८४ इतरांच्या रक्ताशी ताडून पाहिले गेले, आणि ज्यांच्या रक्तात लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले सर्वांत अधिक होती त्यांच्यात हा धोका फारच कमी आढळला. २००४ साली हॅरिस आणि फॉन शॅकी यांनी तांबड्या पेशींतील ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या दोन ओमेगा-३ मेदाम्लांच्या शेकडा प्रमाणाला ‘ओमेगा-३ निर्देशांक’ असे नाव दिले. ८ किंवा त्याहून अधिक तो हितकर आणि ४च्या खाली तो चिंतेचा, अशी त्यांची मांडणी होती. त्यानंतर २०२१ साली अनेक देशांतील १७ पाहण्यांतील ४२,४६६ व्यक्तींचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात या मेदाम्लांच्या वरच्या पाचव्या हिश्शात असलेल्यांना खालच्या पाचव्या हिश्शातील लोकांच्या तुलनेत मृत्यूचा धोका १५ ते १८ टक्के कमी दिसला.

ओमेगा-६ कुळाची अलीकडे बरीच निंदा झाली आहे. ती मला मान्य नाही, कारण १३ देशांतील ३० पाहण्यांच्या २०१९ सालच्या एकत्रित विश्लेषणात रक्तातील लिनोलेइक आम्ल अधिक असलेल्यांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण कमीच आढळले. संपृक्त मेदाम्लांची कथा तर अधिकच विलक्षण आहे. युरोपातील मोठ्या पाहणीत २०१४ साली असे दिसले की पामिटिक आणि स्टिअरिक ही सम अंकी कार्बनांची आम्ले रक्तात अधिक असलेल्यांना मधुमेह अधिक झाला. परंतु दुधाच्या स्निग्धांशातून येणारी १५ आणि १७ कार्बनांची विषम आम्ले अधिक असलेल्यांना तो कमी झाला. पामिटिक आम्ल केवळ तुपातून येते असेही नाही. साखर आणि पिष्ट अति झाले की यकृत ते स्वतःच तयार करते. नेसरीच्या ज्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊस, गूळ आणि ‘गोकुळ’ दूध संघाचे दूध या तिन्हींवर संसार चालतो, तेथे ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

इथपर्यंत सर्व साक्षी एकाच बाजूने बोलतात. परंतु ज्याच्या रक्तात एखादी वस्तू अधिक आहे तो निरोगी असणे ही एक बाब, आणि ती वस्तू गोळीतून दिल्याने माणूस निरोगी होणे ही दुसरी. मासे खाणारा माणूस पुष्कळदा अधिक सधन असतो, कमी धूम्रपान करतो, अधिक भाज्या खातो. त्या सर्वांची सावली त्याच्या रक्तावर पडते. अमेरिकेतील २५,८७१ व्यक्तींना पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅम मत्स्यतेल किंवा निरुपद्रवी गोळी देऊन पाहिली गेली, आणि २०१८ साली निकाल आला की हृदयविकार, पक्षाघात व हृदयविकाराने येणारा मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी शुद्ध ईपीए रोज चार ग्रॅम दिल्याने तो धोका चतुर्थांशाने घटल्याचा दुसरा निकाल आला. परंतु त्यातील तुलनेच्या गोळीत वापरलेल्या खनिज तेलावर आक्षेप घेतले गेले, आणि २०२० साली ईपीए व डीएचए मिळून चार ग्रॅम देणारी १३,०७८ रुग्णांची चाचणी लाभ न दिसल्याने थांबविण्यात आली. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, हेही या चाचण्यांतून पुढे आले.

गोळीने लाभ होतो का, याच प्रश्नाची पडताळणी नेसरीपासून जवळच, बेळगावात झाली, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले याचे मला दुःख आहे. चंदगड-गडहिंग्लजकडील माणसे मोठ्या दुखण्यासाठी पूर्वापार बेळगावची वाट धरतात. त्याच बेळगावातील केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डॉ. श्वेता खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५७ गरोदर स्त्रियांची ‘धनी’ नावाची चाचणी घेतली. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्याच्या आत नोंद झालेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी, प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत देण्यात आली. ते डीएचए माशाचे नसून सूक्ष्म शैवालांपासून काढलेले होते, त्यामुळे शाकाहारी बाईलाही ते घेता येत होते. मुले वर्षाची झाल्यावर बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी सिद्ध केलेल्या विकासमापनावर त्यांची पारख झाली: आधाराने उभे राहणे, ठोकळे पकडणे, हाकेला वळून पाहणे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. कित्येकांना असा निकाल म्हणजे अपयश वाटते. मला तो एका मोठ्या कामाची प्रामाणिक पावती वाटतो, कारण आपल्याच भागातील आयाबायांनी महिनोन्‌महिने शिस्तीने गोळ्या घेतल्या नसत्या तर बाजारातील महागड्या डब्यांवरील आश्वासनांना उत्तर देण्यास आपल्यापाशी काहीच नसते.

पुण्याने या विषयात आणखी एका दाखल्याची भर घातली आहे. २०१६ साली कॉर्नेल विद्यापीठ आणि पुण्यातील संशोधक यांनी प्रामुख्याने शाकाहारी अशा २३४ पुणेकरांच्या रक्ताची तपासणी करून असे दाखविले की, लहान साखळीच्या आम्लांपासून लांब साखळीची आम्ले घडविणाऱ्या विकराच्या जनुकातील एक विशिष्ट रूप ६८ टक्के लोकांत दोन्ही बाजूंनी आलेले आहे. अमेरिकेतील गटात तेच प्रमाण १८ टक्के होते. पिढ्यान्‌पिढ्या वनस्पतींवर जगलेल्या लोकांत हे रूप टिकून राहिले असावे, असा त्यांचा तर्क आहे. म्हणजे ग्रीनलंडच्या किंवा अमेरिकेच्या रक्तावर बसविलेले कोष्टक आपल्याला जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारात आईच्या रक्तातील मेदाम्लांचा जो अभ्यास केला आहे, तोही याच कारणाने मोलाचा आहे.

मग नेसरीच्या चुलीपाशी काय करावे? जवस अख्खे खाल्ले तर पुष्कळसे न पचता निघून जाते. म्हणून ते मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण, मीठ आणि सुक्या लाल मिरचीबरोबर कुटण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. मात्र कुटलेले जवस हवेने लवकर खवट होते, तेव्हा थोडेच करावे आणि लवकर संपवावे. मासे खाणाऱ्या घरात ताज्या बांगड्याला अग्रमान द्यावा. सुक्यातले मीठ रक्तदाब असलेल्यांनी विसरू नये. भजी तळलेले तेल पुनःपुन्हा तापविण्याची काटकसर मात्र सोडली पाहिजे.

चुलीपाशी दिलेल्या अशा सल्ल्याला पाया हवा तो दीर्घ पाहणीचा. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली गरोदर स्त्रियांची जी पाहणी सुरू केली, तिच्यात जन्मलेली मुले आज तिशीकडे किंवा तिशीपलीकडे पोहोचली आहेत, आणि त्यांची तपासणी वर्षानुवर्षे होत राहिली आहे. त्याच पाहणीतून अठराव्या आठवड्यातील आईच्या आहारातला स्निग्धांश आणि बाळाची लांबी यांचा संबंध शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिला होता. असे काम एखाद्या वर्षाच्या अनुदानावर होत नाही. त्यासाठी गावाचा विश्वास, आशाताईंची पायपीट, नमुने जपणारी शीतगृहे आणि वीस-तीस वर्षे न बदलणारा निर्धार लागतो. गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या तीन तालुक्यांत, जेथे घाटावरचे जवस, कोकणची मासळी आणि उसाची साखर एकाच घरात येतात, तेथे अशी पाहणी उभी राहावी, आणि बेळगाव, कोल्हापूर व पुणे येथील संस्थांनी राज्याची सीमा आड न येऊ देता ती मिळून चालवावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.