ठळक टाइप : नुसती जाडी नव्हे

कॉम्प्युटरवर बटण दाबले की अक्षर ठळक होते. त्यामुळे ठळक टाइप म्हणजे साध्या अक्षरावर चढवलेली जाडी, असा समज आहे. पण घराच्या भिंती आतून जाड केल्या की खोल्या अरुंद होतात, तशी अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. म्हणून चांगले ठळक अक्षर नव्याने आखतात.

लंडनच्या एका टाइप-ओतशाळेतल्या रॉबर्ट बेस्लीने १८४५ मध्ये नोंदवलेला क्लॅरेंडन हा असाच सेरिफ (अक्षराच्या टोकांना पावले असलेला) टाइप. पावले जाड, दांड्याला गोलाईने मिळणारी. मजकुरातला एखादाच शब्द उठून दिसावा, हे त्याचे मुख्य काम; शब्दकोशांना तो फार सोयीचा. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरही तो वापरला गेला. नोंदणीचे संरक्षण जेमतेम तीन वर्षांचे होते. ते संपताच इतर टाइप-ओतशाळांनी त्याच्या सर्रास नकला काढल्या.