नागीण, खेकडा आणि मुंग्या

"कमरेला नागीण उठलीय," असे धाराशिवकडचा रुग्ण सांगतो आणि केसपेपरवर इंग्रजीत 'हर्पिस झोस्टर' उमटते. शब्द परका, कल्पना मात्र ओळखीची: ग्रीकमध्ये 'हर्पिस'च्या मुळाशी सरपटणे आहे आणि 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. 'कर्करोग'ही तसाच; ग्रीक 'कार्किनोस' म्हणजे खेकडाच.

दर वेळी असे जुळत नाही. पायाला 'मुंग्या आल्या' हे इंग्रजीत शब्दशः नेले तर खरोखरच्या मुंग्या चढल्या असे वाटेल. इंग्रजी माणूस तिथे टाचण्या-सुयांची उपमा देतो. 'डोळ्यांपुढे अंधारी' म्हणजे अंधत्व नव्हे, भोवळ. 'अंगावरून जातंय' यात तर पांढरे की लाल, हे विचारल्याशिवाय लिहिताच येत नाही. म्हणून भाषांतर शब्दाचे नव्हे, लक्षणाचे करावे: कुठे, केव्हापासून, किती.

उपमा जशीच्या तशी खरी मानली की घोळ होतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. पुरळ दिसल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांचे औषध सुरू करावे.