भीमाकाठची सफर: पायी व होडीने, मृगाच्या तोंडावर

शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी, आणि शाळा सोडून गेलेले कित्येक तरुण, अलीकडे आम्हांस एक नवाच प्रश्न विचारू लागले आहेत. घडी करून पाठीवरील पिशवीत घालता येईल अशी अडीच-तीन किलो वजनाची हवेची होडी आता मिळू लागली आहे. ती पाठीवर घेऊन चालावे, पाणी लागेल तेथे तीत हवा भरून वल्हवीत जावे, आणि पात्र आटले अथवा अडले की ती गुंडाळून पुन्हा चालू लागावे, अशी सफर पंढरपुरापासून भीमा व सीना यांच्या संगमापर्यंत करता येईल काय, हा तो प्रश्न होय. परीक्षा आटोपलेल्या असतात, शाळा जूनच्या मध्यास उघडावयाची असते, म्हणून काळही त्यांनी मृग नक्षत्राच्या तोंडावरचाच निवडलेला असतो. सफर करता येईल. परंतु उन्हाळा व पावसाळा यांच्या सांध्यावरचा हा काळ आखणीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत कठीण होय, आणि का कठीण, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

होडीविषयी प्रथम दोन शब्द. ही युक्ती वाटते तितकी नवी नाही. पीटर हॅल्केट नावाच्या इंग्रज नौदलातील अधिकाऱ्याने 1840 नंतरच्या दशकात रबर चढविलेल्या कापडाचा एक झगा तयार केला होता. अंगावर असता तो झगा, आणि हवा भरली असता एका माणसाची होडी. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचा शोध करणारे जॉन रे यांनी 1846-47 च्या आपल्या सफरीत हॅल्केटची होडी नेली होती व ती त्यांच्या चांगली उपयोगी पडली. हिमालयाच्या पायथ्याशी सतलज व बियास या नद्या उतरण्यासाठी लोक फुगविलेल्या कातड्याचा उपयोग पूर्वापार करीत आले. आपल्याकडे सुक्या भोपळ्यांची सांगड सर्वांस ठाऊकच आहे, आणि गूळ शिजविण्याच्या काहिलीत बसून नदी उतरणारे शेतकरीही उसाच्या मुलखात पाहावयास मिळत. तेव्हा हलक्या साधनाने पाण्यावर जाणे हे आपणांस परके नाही. मात्र काहिलीतून जाणारा मनुष्य त्या एका उताऱ्याचे पाणी लहानपणापासून जाणत असे. पाठीवर होडी घेऊन निघालेल्या प्रवाशास प्रत्येक वळणावरचे पाणी अनोळखी असते. हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. सोलापुरातील माणूस नदीविषयी विचार करू लागला म्हणजे तो सहजच मान वर करून आकाशाकडे पाहतो. ही सवय भीमेच्या बाबतीत उपयोगाची नाही. आपल्या शहरी वर्षाकाठी सुमारे साठ सेंटिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि त्यातील मोठा वाटा सप्टेंबरात येतो. भीमा उगम पावते ती सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर येथे. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या तिला वरच्या अंगास मिळतात, आणि नीरा ही नीरा-नरसिंहपूर येथे येऊन मिळते. त्या डोंगरांत पाऊस आपल्या कित्येक पट पडतो. सबब पंढरपुरी ऊन पडलेले असावे, वाळवंटात मुले खेळत असावीत, आणि पाणी मात्र चढत जावे, असे घडते. आपल्या पायाजवळून वाहणारे पाणी आपल्या डोक्यावरील आकाशातून आलेले नसते. सर्व आखणी या एका गोष्टीवर उभी करावी लागते.

त्यातही 1980 साली माढा तालुक्यात उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून नदीचा स्वभाव पालटला आहे. आता खालच्या पात्रातील पाणी पावसाच्या इच्छेने जितके येते तितकेच सरकारी हुकुमानेही येते. उन्हाळ्यात सोलापूर शहराच्या पिण्याकरिता उजनीतून नदीत पाणी सोडण्यात येते. ते कोरडी वाळू भिजवीत व वाटेतील बंधारे भरीत येत असल्यामुळे टाकळीपर्यंत पोहोचण्यास त्यास आठवड्याहून अधिक काळ लागतो. आषाढी यात्रेच्या वेळी वारकऱ्यांच्या स्नानाकरिता चंद्रभागेत पाणी सोडतात, ते वेगळेच. पुढे धरण भरले म्हणजे दारे उचलली जातात, आणि तेव्हा पात्र आधीच ओले असल्यामुळे तेच अंतर पाणी फार थोड्या अवधीत तोडते. शिवाय उजनी एकटीच नव्हे. नीरेवरील वीर धरणाचे पाणी उजनीच्या खाली येऊन मिळते, म्हणून एका धरणाची बातमी घेऊन दुसऱ्याची न घेणारा मनुष्य अर्धीच बातमी घेऊन निघतो. पाटबंधारे खात्याची कचेरी किती पाणी सोडले ते क्युसेकमध्ये सांगते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे 28 लिटर. तेव्हा दहा हजार क्युसेक हा आकडा ऐकल्याबरोबर दर सेकंदास 2 लाख 80 हजार लिटर पाणी डोळ्यांपुढे आले पाहिजे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. वर्तमानपत्रातील आकडा मग निर्जीव राहत नाही.

पंचांगावरही विसंबू नये. मृग 7 किंवा 8 जूनला लागते खरे, आणि पाऊसही साधारणतः त्याच सुमारास आपल्याकडे येतो. परंतु 2025 साली मोसमी पाऊस मुंबईस 26 मे रोजीच येऊन थडकला. मे महिन्याच्या अखेरीस निश्चिंतपणे नदीत उतरण्याची योजना ज्यांनी जानेवारीत केली असेल, त्यांची ती योजना त्या वर्षी कागदावरच राहण्याच्या योग्यतेची होती.

येथे बर्फाच्या मुलखाचा दाखला द्यावासा वाटतो, कारण आमचे काही माजी विद्यार्थी मे महिन्यात हिमालयातही पदयात्रेस जातात, आणि तेथील ऋतुसंधी आपल्या ऋतुसंधीशी फार जुळती आहे. मे-जूनमध्ये तेथील खिंडींवर हिवाळ्याचा बर्फ अद्याप साचलेला असतो. पहाटे तो गोठून इतका कठीण असतो की त्यावरून फरशीवरून चालावे तसे चालता येते. दुपारी त्याच जागी पाय मांडीपर्यंत रुततो. ओढ्यांवर बर्फाचे पूल झालेले असतात, त्यांच्या खालून पाणी वाहत त्यांना आतून पोखरीत असते. आणि ओढे? ते सकाळी सर्वांत लहान व दुपार टळल्यावर सर्वांत मोठे, कारण दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी तोवर खाली येऊन पोहोचते. म्हणजे तेथे दिवस जितका स्वच्छ व उबदार, तितकी नदी अधिक वाढणार. म्हणून तेथील जाणते लोक अंधारातच निघतात, व बर्फ आणि ओढे दोन्ही मध्यान्हीपूर्वी ओलांडतात. त्या पाण्यात पडलेल्याचे हातपाय थोड्या मिनिटांतच बधिर होतात. भीमेचे पाणी जूनमध्ये कोमट असते, एवढी सवलत आपणांस आहे. परंतु निरभ्र आकाशाखाली पाणी वाढते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आखणीस बसताना भारतीय सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. नदीची लांबी पट्टीने मोजू नये, कारण भीमा सरळ वाहत नाही. पंढरपुरास ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तर तिला चंद्रभागा म्हणतात. नकाशावरील निळ्या रेषेवरून दोरा वळवीत न्यावा व मग तो ताणून मोजावा. दोऱ्याची सोलापुरात वाण नाही. कोरड्या वाटेने ओझे घेऊन ताशी चार किलोमीटर चालणारा मुलगा पहिल्या पावसानंतर आपल्या काळ्या रानातून ताशी दोनही चालेल की नाही, याची शंकाच आहे. प्रत्येक पायाला शेर-दोन शेर चिखल धरतो, आणि वहाण हातात घ्यावी लागते. बंधाऱ्यामागील साचलेल्या पाण्यातही होडीस प्रवाहाचे साहाय्य नसते. म्हणून दिवसाचा टप्पा धरताना या मंद गतीनेच धरावा.

अंतरापेक्षाही अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याच्या जागा. नकाशावर प्रथम मुक्काम मांडू नयेत. जेथून पाणी सोडून रस्त्यास लागता येईल अशा जागा प्रथम मांडाव्यात. पंढरपुराच्या खाली माण नदी येऊन मिळते. पुढे माचणूर व बेगमपूर यांमधील पूल आहे, जेथून मंगळवेढा व सोलापूर दोन्हीकडे जाता येते. त्याच्याही पुढे विजयपूरच्या रस्त्यावरील टाकळीचा पूल. आणि शेवटी हत्तरसंग कुडल. यांच्या मधल्या गावांतील गाडीवाटा नदीपर्यंत कोठे येतात, हे आधी पायी जाऊन पाहून यावे. काठावर वेड्या बाभळीचे रान इतके माजलेले आहे की नकाशावर मोकळा दिसणारा काठ प्रत्यक्षात कुंपणासारखा असतो, आणि तिचा एक काटाही हवेच्या होडीस पुरतो. पाणी चढले म्हणजे याच बाभळी अर्ध्या बुडतात. त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, मनुष्य मात्र चाळणीत अडकावा तसा अडकतो.

या सर्वांपेक्षा आम्हांस अधिक भय वाटते ते कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे. भीमेवर असे पुष्कळ बंधारे आहेत. हिवाळ्यात व उन्हाळ्यात खांबांच्या मध्ये बर्गे घालून पाणी अडवितात, आणि पावसाळा येताच बर्गे काढून घेतात. आमच्या तरुण मित्रांनी निवडलेला काळ नेमका बर्गे निघण्याचा. म्हणून एक बंधारा भरलेला, दुसरा मोकळा, अशी स्थिती एकाच दिवशी भेटणे शक्य आहे. मोकळ्या बंधाऱ्यात पाणी खांबांमधून जोराने निसटते आणि आडवी झालेली होडी खांबांस चिकटून राहते. भरलेल्या बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर धोका त्याहून मोठा. वरून येणाऱ्यास पुढे केवळ एक सरळ रेघ दिसते. पाणी शांत, गुळगुळीत. परंतु भिंतीवरून पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर उसळते व पृष्ठभागावरून उलट भिंतीकडेच वाहते. त्यात सापडलेली तरंगती वस्तू बाहेर न जाता तेथल्या तेथे गरगरत राहते, मग ती ओंडका असो वा माणूस. उत्तम पोहणाऱ्याचेही तेथे काही चालत नाही. म्हणून बंधारा भरलेला असो की मोकळा, पाणी थोडे असो की फार, त्याच्या बऱ्याच आधी काठास लागून होडी खांद्यावर घ्यावी व वळसा घालून जावे. बंधारे नकाशावर तांबड्या शाईने खुणावे, व प्रत्येकाच्या आधीचे ओळखीचे ठिकाण लिहून ठेवावे. सुदैवाने बहुतेक बंधाऱ्यांवरून लोकांची ये-जा असते, त्यामुळे जेथे अडथळा तेथेच गावाची वाटही सापडते.

वाऱ्याचा विचार कोणी करीत नाही. मोसमी वारा पश्चिमेकडून येतो व भीमा आपल्या जिल्ह्यात बहुधा आग्नेयेकडे वाहते, म्हणून तो पाठीमागून साहाय्यच करतो. परंतु वळवाचे वादळ निराळे. ते दुपारनंतर उठते, कोणत्या दिशेने येईल याचा नेम नसतो, आणि पाण्यावरून पाचोळा उडावा तशी हलकी होडी उडविते. 21 मे 2024 रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून पलीकडे कळाशीस निघालेली होडी उजनीच्या जलाशयात अशाच वाऱ्याने उलटली, आणि सहा माणसे बुडून मेली. ती होडी हवेची नव्हती, आणि तो मार्ग नित्याचा होता. यास्तव आम्ही असे सुचवू की दुपारी एक वाजल्यानंतर पाण्यावर राहूच नये. पहाटे निघावे, दुपारी काठास लागावे, व विजा चमकू लागल्या असता एकट्या झाडाखाली उभे राहू नये. लाइफ-जाकीट अंगात घालून बंद बांधलेले असावे, पिशवीत नव्हे. मंडळीत या नदीस जाणणारे निदान एक प्रौढ माणूस असावे, आणि वाटेवरील पोलीस ठाण्यास व घरी मार्ग लेखी देऊन ठेवावा.

रात्रीच्या मुक्कामासाठी वाळवंट मोहक दिसते, पण तेथे राहू नये. काठावरील झाडांत गेल्या वर्षीच्या पुराचा पालापाचोळा व चिंध्या अडकलेल्या दिसतात. त्या खुणेच्या वर जागा पाहावी. झोपण्यापूर्वी पाण्याच्या कडेस एक काठी रोवावी. सकाळी पाणी काठीवर वीतभर चढलेले दिसले, अथवा ते गढूळ होऊन त्यावरून फेस व काटक्या वाहू लागल्या असतील, तर त्या दिवशी होडी उघडू नये, पायी निघावे. उथळ दिसणाऱ्या पात्रातही जपून उतरावे, कारण वाळू उपसल्यामुळे गुडघाभर पाण्याशेजारीच पुरुषभर खोल खड्डे झालेले आहेत. नदीचे पाणी पिऊ नये. पुण्यासारख्या शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन ते येते. पिण्याचे पाणी गावातून भरून घ्यावे.

हत्तरसंग कुडल येथे सीना डाव्या अंगाने येऊन मिळते. तेथील संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, मराठी लेख आहे. आपल्या भाषेच्या ज्ञात लेखांतील तो अत्यंत प्राचीन लेखांपैकी एक होय. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. केवळ तो पाहण्याकरिता एवढी वाट चालावी अशी त्याची योग्यता आहे. परंतु सीनेचे पाणी उजनीचे नव्हे. ते अहिल्यानगर व धाराशिवच्या बाजूंनी येते, व त्याची बातमी स्वतंत्र घ्यावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये भीमेचे नव्हे तर सीनेचेच पाणी जिल्ह्यातील कितीतरी गावांत शिरले होते. म्हणून टाकळीच्या पुलाशी थांबून सीनेची विचारपूस करावी, आणि ती भरून वाहत आहे असे कळल्यास होडी तेथेच गुंडाळून कुडलापर्यंतची वाट रस्त्याने चालावी. मंदिरास रस्ता आहेच.